म्हाताऱ्यांचा मास्तर

गेल्या पावसाळ्यात मी गिटार विकत घेतली. वय वर्षे शेहेचाळीस, नोकरी सरकारी, पद वरिष्ठ कारकून, शिक्षण बी. ए. (मराठी). संगीताचे शिक्षण म्हणाल तर भजनी मंडळात पेटीवर दोन वर्षे. पणजीच्या दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "भुरगो कितल्या वर्सांचो?" मी म्हटले, "शेहेचाळीस." तो हसला नाही. लहान मुलांसाठी अर्ध्या आणि पाऊण मापाच्या गिटारी मिळतात, त्यातली एक त्याने आधीच खाली काढली होती. ती मुकाट्याने परत टांगली आणि पूर्ण मापाची, नायलॉनच्या तारांची मला दिली. फोंड्याला जाणाऱ्या कदंबच्या बसमध्ये तीन ओळखीचे भेटले. तिघांनीही तोच प्रश्न विचारला. तिसऱ्याला मी सांगून टाकले, भाच्यासाठी घेतली.

ती थाप नंतर मनाला लागून राहिली. मला भाचाच नाही! मग लाज नेमकी कशाची वाटली?

कला शाखेच्या माणसाला अशा वेळी एखादे पुस्तक आठवते. प्लेटोचा 'युथिडेमस' नावाचा एक संवाद आहे. त्यात सॉक्रेटिस आपला मित्र क्रिटो याला सांगतो, की मी ह्या वयात कोनस नावाच्या मास्तरांकडे वाद्य शिकायला जातो, आणि तिथली पोरे मला हसतात. मला हसतात ते हसतातच, वर बिचाऱ्या कोनसलाही 'म्हाताऱ्यांचा मास्तर' म्हणून चिडवतात. ग्रीक भाषेत त्यासाठी एक लांबलचक शब्दच आहे, 'गेरोंटोडिडास्कालोस'. सॉक्रेटिसचे वाद्य होते किथारा. हाच किथारा अरबांच्या तोंडी गेला, तिथून स्पेनमध्ये आला आणि 'गितारा' झाला. म्हणजे आमचा प्रश्न निदान चोवीसशे वर्षांचा जुना आहे, आणि वाद्याचे नावसुद्धा जवळजवळ तेच आहे. (सतारीचा ह्या कुळाशी संबंध नाही. तो शब्द फारसी, 'सेहतार', म्हणजे तीन तारांचे.) पुढे रोमन लेखक सिसेरो वार्धक्यावर लिहिताना म्हाताऱ्या केटोच्या तोंडी घालतो, की मी उतारवयात ग्रीक शिकलो, सॉक्रेटिस तर वाद्य शिकला असे ऐकतो, मलाही ते आवडले असते. केटोचे ते राहूनच गेले.

सॉक्रेटिसच्या गोष्टीत मला जास्त विचार करायला लावले ते त्या कोनसने. मोठ्या माणसाला शिष्य म्हणून घेतले की मास्तराचीही थट्टा होते. म्हणून पुष्कळ मास्तर घेतच नाहीत. हे मला लवकरच अनुभवाला आले.

त्याआधी थोडे मागचे सांगायला हवे. आमचे मूळ घर बांदोड्याचे. वडील पखवाज वाजवत. सप्ताहाला त्यांच्याशिवाय मंडळाचे पान हलत नसे. मी दहा वर्षांचा असताना त्यांची बदली झाली आणि आम्ही तीन वर्षे सासष्टीतल्या एका गावात एका ख्रिस्ती भाटकाराच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहिलो. संध्याकाळी त्यांचा मोठा मुलगा बल्कांवात बसून गिटार वाजवी. मी पायऱ्यांवर बसून ऐके. एका वाद्यातून खालचे स्वर वेगळे चालतात, वरचे वेगळे बोलतात, आणि माणूस तर एकच! पेटीत असे काही मी ऐकले नव्हते. गावातली माझ्या वयाची मुले संध्याकाळी इगर्जीच्या शाळेत सोल्फा शिकायला जात. मी एकदा वडिलांना विचारले, मी जाऊ का? ते म्हणाले, "ते त्यांचे." एवढेच. रागाने नव्हे, दुसऱ्याच्या विहिरीबद्दल बोलावे तसे.

हे 'त्यांचे' आणि 'आमचे' आले कुठून, हे पुढे गोव्याचा इतिहास वाचताना हळूहळू उलगडत गेले. तिसवाडी, बार्देस, सासष्टी ह्या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेल्या. तिथे गावोगाव इगर्जी उभ्या राहिल्या आणि इगर्जीला जोडून शाळा. त्या शाळेत लिहिणे-वाचणे, धर्मशिक्षण आणि संगीत शिकवणारा माणूस म्हणजे मेस्त्र. मिस्साची गाणी बसवायची, मुलांना सोल्फा घोकून घ्यायचा, ज्याचा कान बरा त्याच्या हातात रबेक द्यायची (आमच्या कोंकणीत व्हायोलिनला रबेक म्हणतात), सण, लग्न, मरण सगळे त्यानेच सांभाळायचे. पगार बेताचा. पण ह्या मेस्त्रामुळे जुन्या काबिजादीतला सामान्य शेतकऱ्याचा, रेंदेराचा पोरही पाच रेघांवरचे संगीत वर्तमानपत्रासारखे वाचू लागला. त्या काळी हिंदुस्थानात दुसरीकडे गावपातळीवर हे फारसे होत नव्हते. पुढे मुंबईची हॉटेले, जहाजे, संस्थानिकांचे बँड आणि शेवटी हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद गोंयकारांनी का भरून गेले, त्याचे कारण इथे आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) हे अशाच मेस्त्राचे चिरंजीव. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधले ते प्रसिद्ध गाणे म्हणजे प्यारेलालनी आपल्या गुरूच्या नावाला केलेला नमस्कारच.

आमचा फोंडा महाल मात्र नव्या काबिजादीतला, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेलेला. जुन्या काबिजादीतून हलवलेले देव त्याआधीच इथे येऊन राहिले होते. त्यामुळे आमच्याकडे इगर्जीच्या शाळांचे जाळे नव्हते. होती ती देवळे, देवळांच्या सेवेतल्या कलावंत घराण्यांचे गाणे, आणि भजनी मंडळे. दहा-पंधरा मैलांच्या अंतरात संगीत शिकवण्याच्या दोन पूर्ण वेगळ्या व्यवस्था शेकडो वर्षे नांदल्या. दोन्हीकडे उत्तम मास्तर होते, पण प्रत्येकाची दारे आपापल्या माणसांनाच उघडी. सर्वांसाठी दार उघडायला फार उशीर लागला. लोटलीचे आंतोनियो फोर्तुनातो दे फिगेरेदो यांनी 1952 मध्ये पणजीत संगीताची अकादमी काढली, आणि गोवा मुक्त झाल्यानंतर 1970 साली कला अकादमी स्थापन झाली. एकाच संस्थेत आता दोन्ही संगीते शिकवली जातात. माझ्या लहानपणी ती होतीच. आमच्या घरातून तिथे जायची वाट मात्र कोणी दाखवली नाही. असो.

तर गिटार घेतली आणि मास्तर शोधू लागलो. पहिले पाच महिने मोबाइलवरचे व्हिडिओ हेच मास्तर. फुकट, आणि हसतही नाहीत. दोन-चार कॉर्ड आले, एक गाणे ओळखू येण्याइतके वाजू लागले. मग डाव्या मनगटात कळ सुरू झाली. फायली उचलताना दुखे. व्हिडिओतला माणूस फार छान समजावतो हो, पण तुमचा अंगठा कुठे चुकतो आहे हे त्याला दिसत नाही, ही त्यातली मुख्य अडचण. लहान मुलाचे मनगट चुकीच्या बैठकीलाही पुष्कळ दिवस सोसते. आमचे नाही सोसत.

दुसरा एक क्लास. तिथे मी एकटाच मोठा. बुटक्या खुर्च्या, शेजारी नऊ वर्षांचा मुलगा, लंडनच्या परीक्षेच्या तिसऱ्या ग्रेडची तयारी करणारा. बाई चांगल्या होत्या, पण त्यांचे सगळे गणित परीक्षेचे. मी कोणत्या ग्रेडला बसणार, कधी बसणार, ह्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. दोन महिन्यांनी त्या अत्यंत सौजन्याने म्हणाल्या, की तुम्ही घरीच एखादा शिक्षक लावा, तुम्हाला मोकळे वाटेल. मोकळे कोणाला वाटणार होते ते मला कळले.

तिसरा तरुण मुलगा, हॉटेलात वाजवणारा. बोटे अशी पळत की बघत राहावे. पण कसे केले विचारले, की पुन्हा तेच करून दाखवी, आणखी वेगाने! त्याचा दोष नाही. तो सहाव्या वर्षी शिकला. आपण चालायला कसे शिकलो हे जसे कोणाला सांगता येत नाही, तसे त्याला ते सांगता येत नव्हते. मोठ्या माणसाचा मात्र 'का' कळल्याशिवाय हात पुढे जात नाही. ही त्याची अडचण आहे आणि थोडी ताकदही.

ह्याच काळात मला केसरबाई पुन्हा भेटल्या. म्हणजे वाचनात. केसरबाई केरकर आमच्या शेजारच्या केरीच्या, जन्म 1892 चा. लोक त्यांचे शेवटचे वैभवच सांगतात, 1977 साली व्हॉयेजर यानातून त्यांची भैरवी अवकाशात गेली वगैरे. त्यांच्या गुरूच्या शोधाबद्दल फार कोणी बोलत नाही. आठव्या वर्षी त्या कोल्हापूरला गेल्या आणि अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे लामगावला येत तेव्हा तेव्हा त्यांच्याकडे. सोळाव्या वर्षी मुंबई. तिथे सतारिये बरकतुल्ला खाँ, पण ते मुंबईत असतील तेव्हाच तालीम. पुढे ते म्हैसूर दरबारी गेले. मग काही काळ भास्करबुवा बखले. प्रत्येक ठिकाणी काही मिळाले आणि प्रत्येक ठिकाणी धागा तुटला. 1921 मध्ये अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला तेव्हा केसरबाईंचे वय अठ्ठावीस होते. त्या काळच्या गाण्यात हे वय शिकायला सुरुवात करण्याचे नव्हे, नाव झालेले असण्याचे. तरी पुढची अकरा-एक वर्षे त्यांनी कसून तालीम घेतली. खाँसाहेब तेव्हा पासष्टीच्या पुढे होते.

मी माझी तुलना केसरबाईंशी करतो आहे असा कृपया समज करून घेऊ नका! मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. चार गुरूंचे चार प्रकारचे गाणे गळ्यात बसलेले असताना पाचव्याने काय केले असेल? कोरी पाटी मिळणे सोपे. लिहिलेल्या पाटीवर शिकवायला दुसराच माणूस लागतो. केसरबाईंनी स्वतः जवळजवळ कोणाला शिकवले नाही. ज्या एकट्या धोंडूताई कुलकर्णींना शिकवले, त्याही पस्तिशीच्या आसपास आणि आधीच तयार होऊन त्यांच्याकडे आल्या होत्या, हे मला फार बोलके वाटते.

चौथे मास्तर मला सासष्टीतच मिळाले. आमच्या कार्यालयातल्या शिपायाच्या ओळखीने. वय पंचाहत्तर, लहानपणी गावच्या मेस्त्राकडे रबेक शिकलेले, पुढे गिटार, तरुणपणी मुंबईची हॉटेले आणि मग प्रवासी जहाजे. रविवारी सकाळी मिस्सानंतर बल्कांवात शिकवतात. मी गिटार घेऊन गेलो. त्यांनी ती खोलीत नेऊन ठेवली आणि विचारले, काय येते? मी म्हटले, काही नाही. ते म्हणाले, शेहेचाळीस वर्षांच्या माणसाला काहीच येत नाही असे होत नाही. मग सांगितले भजनाचे, पेटीचे. "आदीं गाय," ते म्हणाले, "मागीर वाजय." (कोंकणीतली ही 'गाय' म्हणजे 'गा'. मराठी वाचकांनी गोंधळून जाऊ नये.)

मी सा लावला आणि भूपाचा सरगम म्हटला. ते डोळे मिटून ऐकत होते. मग आतून स्वतःची गिटार आणून त्यांनी तो जसाच्या तसा वाजवला आणि म्हणाले, तू जिथून सुरुवात केलीस तो दो नव्हे, तो रे. मी म्हटले, पण माझा तो सा. "तुमचो सा चलता," ते हसून म्हणाले, "आमचो दो चलना."

पाच महिने व्हिडिओ आणि दोन क्लास करून मला जे कळले नव्हते ते ह्या एका वाक्यात कळले. आपला सा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे हलतो, बाकीचे स्वर त्याच्याबरोबर हलतात. मेस्त्रांच्या सोल्फात दो म्हणजे दो, तो घराच्या खांबासारखा जागचा हलत नाही. गिटारच्या सहा तारांची नावे खालून वर म्हणायची तर मी, ला, रे, सोल, सी, मी. आणि मी ती वाजवताना मनात प्रत्येक वेळी नवीन सा धरत होतो! माझ्या पेटीच्या दोन वर्षांनी मला कान दिला होता आणि त्याच दोन वर्षांनी वाट अडवली होती. आधीच्या कोणी मला गायला सांगितलेच नव्हते, तर त्यांना ते दिसणार कसे?

पुढचे सहा रविवार गिटारला हात नाही. इगर्जीच्या शाळेत जसे असे तसेच. उजव्या हाताने मात्रा धरायच्या आणि स्वर वाचून म्हणायचे. वडिलांच्या पखवाजामुळे मात्रांत मी चुकलो नाही, त्यामुळे तिसऱ्याच रविवारी सरांनी दोन पाने एकदम उलटली. मला कोण आनंद झाला! त्यांना मी 'सर' म्हणतो. मेस्त्र म्हणून पाहिले, तर म्हणाले मेस्त्र म्हणजे माझा मास्तर होता, मी बँडवाला.

गिटार हातात आल्यावर नखांचा प्रश्न आला. डाव्या हाताची नखे कापून टाकायची हे ठरलेले, पण उजव्या हाताची वाढवायची की नाही? ह्यात गिटारवाल्यांत दोनशे वर्षांचे भांडण आहे. बार्सेलोनाचा फर्नांदो सोर (1778–1839) बोटाच्या मांसाने वाजवी. माद्रिदचा दियोनिसियो आग्वादो (1784–1849) नखांनी. दोघेही आपल्या काळचे थोर वादक, दोघांनीही शिकवण्याची पुस्तके लिहिली, आणि पॅरिसमध्ये दोघे घट्ट मित्र. सोरने दोघांनी मिळून वाजवायला एक रचना केली, तिचे नावच 'दोन मित्र'. नखे ज्याची त्याच्याकडे राहिली. सोरबद्दल मला आणखी एका कारणासाठी आपुलकी वाटते. तो लहानपणी मोन्सेरातच्या मठातल्या गायक मुलांच्या शाळेत शिकला, म्हणजे जवळजवळ आमच्या इगर्जीच्या शाळेचाच विद्यार्थी. संगीत आधी आणि गिटार मागाहून. 1830 साली पॅरिसमध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात तो नुसते 'असे करा' म्हणत नाही, असे का, ते सांगत जातो. मोठ्या माणसांना शिकवायचे पुस्तक असे हवे.

सरांनी नखांबद्दल हुकूम दिला नाही. दोन्ही प्रकारे एकच ओळ वाजवून दाखवली आणि म्हणाले, तुझे नख कागदासारखे पातळ आहे, फायली चाळून तुटेल; सध्या कापून टाक, निवृत्त झालास की वाढव. माझ्या नखाकडे आणि माझ्या नोकरीकडे एकदम बघणारा हा पहिलाच मास्तर. मनगटाचे दुखणे त्यांनी पायाखाली छोटे स्टूल ठेवून आणि अंगठा बोटभर खाली आणून महिन्याभरात घालवले. रोज वीस मिनिटांपेक्षा जास्त बसायचे नाही, असाही नियम आहे. एकदा उत्साहाने दोन तास बसलो, तर पुढच्या रविवारी दोन स्वर ऐकूनच त्यांनी ओळखले.

एकदा त्यांनी रबेकवर एक जुने नाट्यगीत वाजवले. सगळ्या हरकतींसह! मी चकित झालो. म्हणाले, लहानपणी जत्रेतले नाटक देवळाबाहेर रस्त्यावर उभा राहून ऐकले होते, शब्द कधी कळले नाहीत. घरी कळल्यावर मार बसला. मी त्यांना शब्द लिहून दिले, रोमी लिपीत. ते त्यांनी अजून म्हणून दाखवलेले नाहीत.

सॉक्रेटिस क्रिटोला सांगतो, की पोरे हसतात म्हणून मी आणखी काही म्हाताऱ्यांना पटवून माझ्याबरोबर शिकायला नेले आहे. मीही नेला आहे एक, आमच्या लेखा विभागातला, निवृत्तीला पाच वर्षे राहिलेला. आता रविवारी सकाळी आम्ही दोघे आणि सरांची आठ वर्षांची नात असे तीन विद्यार्थी असतो. नात पुढे आहे. आम्ही चुकलो की ती तोंडावर हात धरते, आणि सर तिच्याकडे डोळे वटारून आम्हाला म्हणतात, "परत एकदां."

सध्या मी सोरच्या ओपस 60 मधल्या पंचवीस धड्यांपैकी पहिल्यावर आहे. एकेक स्वर, घाई नाही. परवा रात्री सोप्यावर बसून वाजवत होतो. वडील आता ऐंशीचे झाले, पखवाज भिंतीवर आहे. ते आरामखुर्चीत पडून ऐकत होते आणि त्यांची बोटे खुर्चीच्या हातावर चालू होती. धडा संपला. ते काही बोलणार नाहीत असे मला वाटले, म्हणून मी गिटार ठेवायला उठलो.

"सम कुठे ह्याची?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, रविवारी विचारून सांगतो. तर म्हणाले, "बस, परत वाजव. मीच काढतो."